जवळच्या रेटिनोस्कोपीत प्रत्येक मुलाचा लॅग जास्तच का येतो?

ही अडचण नेहमी एकाच रूपात समोर येते. इंटर्नशिपला आलेले विद्यार्थी दूरची रेटिनोस्कोपी, म्हणजे बाहुलीत प्रकाशाची पट्टी टाकून नंबर काढणे, काही आठवड्यांत बऱ्यापैकी करू लागतात, मग त्यांच्या हाती एमईएमचे (मोनोक्युलर एस्टिमेशन मेथड, म्हणजे मूल जवळचे वाचत असताना करायची रेटिनोस्कोपी) कार्ड दिले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी केसपेपर घेऊन दारात उभे राहते आणि म्हणते, "मॅडम, परत दोन आले." दोन म्हणजे +२.०० डायॉप्टर, चष्म्याच्या नंबरचे एकक. सकाळपासून तपासलेल्या पाच मुलांपैकी चौघांचा लॅग (जवळ पाहताना डोळ्याचा कमी पडणारा जोर) +१.५० ते +२.०० च्या दरम्यान असतो, आणि त्या चौघांपैकी तिघांना वाचताना कसलाही त्रास नसतो. अशा वेळी मुलाच्या डोळ्यांवर संशय घेण्याआधी आपल्या हातावर, कार्डावर आणि खोलीतल्या दिव्यांवर संशय घ्यावा, असे मी गेली अनेक वर्षे सांगत आले आहे, कारण असे आकडे बहुतेक वेळा तपासणाऱ्यानेच तयार केलेले असतात.

आधी आपण नेमके काय मोजतो, ते थोडक्यात पाहू. मूल ४० सेंटिमीटरवरचा मजकूर वाचते, तेव्हा त्याच्या डोळ्याकडून २.५० डायॉप्टर अकोमोडेशनची, म्हणजे जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्याने लावायच्या जोराची, अपेक्षा असते. प्रत्यक्षात डोळा त्याहून किंचित कमी मेहनत करतो, कारण दृष्टीच्या स्पष्टतेला थोडीशी सवलत असते आणि तेवढ्या फरकाने अक्षरे धूसर होत नाहीत. हा कमीपणा म्हणजे लॅग. +०.२५ ते +०.७५ पर्यंतचा लॅग मुलांमध्ये स्वाभाविक समजला जातो. +१.०० किंवा त्याहून जास्त असेल तर विचार करावा, आणि मायनस आला, म्हणजे डोळा गरजेपेक्षा जास्त जोर लावत असेल, तर त्याला लीड म्हणतात; शून्य किंवा लीड आला, तर त्याचाही विचार करावा लागतो. रेटिनोस्कोप आणि कार्ड एकाच प्रतलात धरून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, बाहुलीवरून पट्टी फिरवली आणि रिफ्लेक्स (बाहुलीतून परत येणारी चमक) पट्टीच्या दिशेनेच सरकला, म्हणजे विथ मूव्हमेंट दिसली, तर तो लॅग असतो आणि प्लस लेन्सने न्यूट्रल होतो, म्हणजे रिफ्लेक्सची हालचाल थांबते. उलट सरकला, म्हणजे अगेन्स्ट मूव्हमेंट दिसली, तर लीड. इतकी ही साधी परीक्षा आहे, आणि साधी असल्यामुळेच ती निष्काळजीपणे केली जाते.

लेन्स किती वेळ धरता?

सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून यावरच जास्त बोलते. दूरच्या रेटिनोस्कोपीत आपण लेन्स ट्रायल फ्रेममध्ये (तपासणीच्या रिकाम्या चष्म्यात) बसवतो, शांतपणे दोन्ही अक्षांत पट्टी फिरवतो, विचार करतो, मग पुढची लेन्स घेतो. तीच सवय जवळच्या तपासणीत आली की सगळे बिघडते. डोळ्यासमोर प्लस लेन्स आली की डोळ्याला कळते की आता तेवढा जोर लावण्याची गरज उरली नाही, आणि नैसर्गिक भिंग सैल पडू लागते. या प्रतिक्रियेला सुमारे ०.३५ ते ०.४ सेकंद लागतात. म्हणजे लेन्स समोर आल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत पट्टी एकदा फिरवून लेन्स बाजूला घेतली, तरच आपण मुलाचा मूळ प्रतिसाद मोजतो. त्यापुढे जे दिसते, तो लेन्सला दिलेला प्रतिसाद असतो.

समजा मुलाचा खरा लॅग +०.५० आहे. इंटर्नने +०.५० लेन्स धरली, क्षणभर रिफ्लेक्स न्यूट्रल झाला, पण खात्री करून घेण्यासाठी त्याने ती तशीच धरून ठेवली. एवढ्यात डोळा सैल पडला आणि विथ मूव्हमेंट परत दिसू लागली. इंटर्नला वाटले की लेन्स कमी पडली, म्हणून त्याने +१.०० घेतली आणि तीही तशीच धरून ठेवली. डोळा आणखी सैल पडला. असे करत करत तो दोनपर्यंत पोहोचतो, आणि त्याच्या मते त्याने प्रत्येक पायरी नीट तपासलेली असते. लेन्स ट्रायल फ्रेममध्ये बसवली किंवा दोन्ही डोळ्यांसमोर आणली, तर ही घसरण आणखी वेगाने होते. लेन्स एकाच डोळ्यासमोर असली तरी दोन्ही डोळ्यांचे अकोमोडेशन बरोबरच बदलते आणि मेंदू सहसा सोपी वाट धरतो, म्हणून 'दुसरा डोळा तर वाचतोच आहे' या समजुतीवर विसंबून राहू नये.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात सहावीतल्या एका मुलाला मी एमईएमच्या आकड्यावर विसंबून जवळच्या कामासाठी +१.२५ दिले. महिन्याभराने आई त्याला घेऊन आली. चष्मा दप्तरातच होता, नवाकोरा. "तो लावला की फळ्यावरचं पुसट दिसतं म्हणतो, आणि पुस्तक तर त्याला बिनचष्म्याचंही वाचता येतं," असे त्या म्हणाल्या. पुन्हा तपासले, तेव्हा लॅग +०.५० आला. पहिल्या वेळी मी लेन्स फ्रेममध्ये बसवून तपासले होते, हे केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

यावर मी एक साधी युक्ती वापरते. मूल मोठ्याने वाचत असते, तेव्हा त्याच्याच वाचण्याचे घड्याळ करावे. लेन्स आत जाऊन बाहेर येईपर्यंत मुलाचा एक छोटा शब्दही पुरा व्हायला नको. त्यानंतर मुलाला निदान तीन-चार शब्द लेन्सशिवाय वाचू द्यावे, म्हणजे डोळा मूळ जागी येतो, आणि मगच पुढची लेन्स आणावी. दुसरे असे की पद्धतीच्या नावातच 'एस्टिमेशन' आहे. आधी लेन्सशिवाय रिफ्लेक्सची जाडी, वेग आणि उजळपणा पाहून मनाशी आकडा ठरवायचा आणि लेन्स फक्त तो पडताळण्यासाठी वापरायची. वेगवान, रुंद आणि उजळ रिफ्लेक्स न्यूट्रलच्या जवळ असतो, तर अरुंद, मंद आणि संथ रिफ्लेक्स दूर असतो. ज्याला अंदाज करता येत नाही, तो लेन्सचा खोका रिकामा करत बसतो आणि तेवढ्यात मुलाचे वाचन संपून जाते.

मूल खरोखर वाचते आहे का?

लेन्सनंतरचा दुसरा मोठा घोटाळा कार्डाचा. तयार मिळणारी कार्डे इंग्रजीत असतात. मराठी माध्यमाच्या शाळेतल्या दुसरीच्या मुलीला ती दिली की ती एकेक अक्षर जुळवत अडखळते, मग संकोचून गप्प होते आणि कुठेतरी तिसरीकडेच पाहू लागते. डोळ्याला पाहण्याचे कारण उरले नाही की अकोमोडेशन सैल होते आणि लॅग वाढलेला दिसतो. त्यामुळे कार्ड मुलाच्या भाषेत आणि त्याच्या इयत्तेच्या पातळीचे असलेच पाहिजे.

मात्र कार्ड मराठीत केले की दुसरी अडचण येते. एकदा एका मुलीचा लॅग इंटर्नला तीन वेळा +१.२५ आला, म्हणून मी स्वतः बसले. ती न अडखळता "कमळ, बदक, मगर" असे वाचत होती, म्हणून मलाही आकडा खरा वाटू लागला होता. इतक्यात माझ्या लक्षात आले की तिची नजर माझ्या कानातल्या झुमक्यावर होती. तेच कार्ड तिने सकाळपासून तीनदा वाचले होते आणि ते तिला पाठ झाले होते. ती वाचत नव्हती, म्हणत होती. शब्दांचा क्रम बदललेले दुसरे कार्ड लावले आणि लॅग +०.५० वर आला. तेव्हापासून मी प्रत्येक इयत्तेची निदान चार कार्डे ठेवते आणि तपासणीच्या दिवशी कानात काही घालत नाही.

देवनागरीचा इथे एक मोठा फायदा आहे आणि तो घेतला जात नाही. अनुस्वाराचा ठिपका इतका लहान असतो की अक्षरे किंचित धूसर झाली तरी तो हरवतो, पण बाकीचा शब्द ओळखू येतो. म्हणून 'माडी' आणि 'मांडी', 'भाडे' आणि 'भांडे', 'गज' आणि 'गंज' असे जोड-शब्द एकमेकांत मिसळून कार्डावर लिहावेत. मूल 'भांडे'ला 'भाडे' म्हणू लागले, तर एकतर ते नीट पाहत नाही किंवा त्याला खरोखर धूसर दिसते, आणि दोन्ही गोष्टी आपल्याला कळायलाच हव्यात. अजून वाचता न येणाऱ्या मुलांसाठी बारीक चित्रे वापरावीत आणि त्यांवर प्रश्न विचारावेत. मांजराला मिशा किती, असे विचारले की मूल मोजू लागते, आणि मोजताना पाहावेच लागते. अक्षरे फार मोठी असू नयेत. शाळेच्या पुस्तकाच्या अक्षरापेक्षा थोडी लहान असली की पुरते.

अंतर आणि वजाबाकी

दूरच्या रेटिनोस्कोपीत ६६ सेंटिमीटरला १.५० आणि ५० सेंटिमीटरला २.०० वजा करण्याची सवय इतकी हाडीमाशी खिळलेली असते की काही जण एमईएममध्येही वजाबाकी करतात आणि मुलाला −१.५० चा लीड आहे असे लिहून मोकळे होतात. कार्ड आणि रेटिनोस्कोप एकाच प्रतलात असल्यामुळे इथे काहीही वजा करायचे नसते. जो लेन्सचा आकडा, तोच लॅग.

पण हे तेव्हाच खरे, जेव्हा ती दोन खरोखर एकाच प्रतलात असतात. कार्ड मुलाच्या हातात ४० सेंटिमीटरवर आणि रेटिनोस्कोप ५० वर असेल, तर आपल्याला अर्धा डायॉप्टर लॅग कमी दिसतो, म्हणजे खरा +०.५० चा लॅग न्यूट्रल भासतो. मूल कार्ड सोडून आपल्या चेहऱ्याकडे किंवा मागच्या भिंतीवरच्या चार्टकडे पाहू लागले, तर उलट घडते आणि लॅग फुगतो. सहा मीटरवरच्या चार्टकडे पाहणाऱ्या मुलाला ४० सेंटिमीटरवरून तपासले, तर आकडा +२.५० च्या आसपास यायलाच हवा. +२.०० च्या पुढचा कोणताही आकडा आला, तर मी आधी मुलाची नजर कुठे आहे ते पाहते.

कार्ड रेटिनोस्कोपच्या डोक्यावरच चुंबकाने किंवा क्लिपने बसवावे आणि मधल्या छिद्रातून पाहावे. अंतरासाठी रेटिनोस्कोपच्या दांड्याला एक सुतळी बांधावी आणि तिला ४० सेंटिमीटरवर गाठ मारावी. गाठ मुलाच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी टेकली की अंतर बरोबर. लहान मुलांना त्यांच्या स्वाभाविक अंतरावर तपासायचे असेल, तर कोपरापासून मधल्या बोटाच्या पेरापर्यंतची लांबी घ्यावी, पण मग ते अंतर केसपेपरवर लिहावे, कारण ३३ सेंटिमीटरवर मागणी ३.०० डायॉप्टर होते आणि पुढच्या वेळच्या आकड्याशी त्याची तुलना करता येत नाही.

उजेड आणि यंत्र

अंधाऱ्या खोलीत हे करू नये. कार्ड नीट उजळलेले असावे, खोलीत नेहमीचा प्रकाश असावा आणि रेटिनोस्कोपचा दिवा मात्र रिफ्लेक्स दिसेल इतपतच मंद ठेवावा, नाहीतर मूल दिव्याकडे पाहून डोळे मिचकावत राहते. पट्टीच्या स्लीव्हची (दांड्यावरच्या सरकत्या नळीची) जागाही तपासावी. काही कंपन्यांच्या यंत्रांत स्लीव्ह वर असताना आणि काहींत खाली असताना किरण पसरणारे असतात. चुकीच्या बाजूला असेल तर विथ आणि अगेन्स्ट उलटे दिसू शकते. शंका असेल तर पट्टी तळहातावर टाकून हात पुढे-मागे करावा. कुठेतरी ती बारीक आणि तीक्ष्ण होत असेल, तर किरण एकवटत आहेत, आणि स्लीव्ह दुसऱ्या टोकाला न्यावी.

चष्मा आणि थेंब

दूरचा पूर्ण नंबर डोळ्यावर असतानाच ही तपासणी करावी, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही चष्मा टेबलावरच राहतो. ज्याचा प्लस नंबर दुरुस्त केलेला नाही, त्या मुलाचा लॅग जवळ वाढलेला दिसतो, आणि तो दोष अकोमोडेशनचा नसून राहिलेल्या नंबरचा असतो. आडवा अक्ष तपासायला आपण उभी पट्टी फिरवतो, त्यामुळे राहून गेलेला सिलिंडरचा नंबरही आकडा हलवतो. दोन डोळ्यांच्या लॅगमध्ये अर्ध्या डायॉप्टरहून जास्त फरक दिसला, तर मी आधी दूरच्या नंबरचा तोल पुन्हा पाहते.

थेंबांचे, म्हणजे अकोमोडेशन तात्पुरते सैल करणाऱ्या औषधांचे, मात्र अनेक जण विसरतात. आपल्याकडे लहान मुलांना नंबर काढण्यापूर्वी तीन दिवस अॅट्रोपिनचे मलम घालायला सांगतात. त्याचा परिणाम एक-दोन आठवडे रेंगाळू शकतो, होमॅट्रोपिनचा एक ते तीन दिवस आणि सायक्लोपेंटोलेटचा साधारण एक दिवस. नंबर काढल्यावर आठवड्याभराने चष्मा घ्यायला आलेल्या मुलाचा 'आलोच आहोत तर' म्हणून एमईएम केला, तर येणारा मोठा लॅग औषधाचा असतो. मायोपिया (मायनस नंबर) वाढू नये म्हणून रोज रात्री कमी प्रमाणातील अॅट्रोपिन चालू असेल, तर तेही केसपेपरवर आकड्याच्या शेजारीच लिहावे. पालकांना "कुठले थेंब टाकता का?" असे विचारले तर ते नाही म्हणतात, कारण मलमाला ते थेंब म्हणत नाहीत. म्हणून "डोळ्यात काही घालता का?" असे विचारावे.

दुसऱ्या पद्धतीने पडताळणी

एवढे सगळे करूनही आकडा मोठाच राहिला, तर लेन्स न वापरता तोच लॅग मोजावा. नॉट यांनी १९२० च्या दशकात मांडलेली पद्धत यासाठी उत्तम आहे. कार्ड ४० सेंटिमीटरवर स्टँडला स्थिर लावायचे आणि रेटिनोस्कोप घेऊन आपण मागे सरकायचे, न्यूट्रल दिसेपर्यंत. ४० सेंटिमीटर म्हणजे २.५० आणि ५० सेंटिमीटर म्हणजे २.००, म्हणून ५० वर न्यूट्रल मिळाले तर लॅग ०.५०, ५७ वर मिळाले तर ०.७५ आणि ६७ वर मिळाले तर १.००. माझ्या सुतळीला म्हणूनच या तीनही जागी आणखी गाठी आहेत. कार्डाजवळ दोन सेंटिमीटरची चूक महाग पडते, दूर गेल्यावर तितकी नाही, म्हणून जवळच्या गाठी जपून वापराव्यात. इथे लेन्सच नसल्यामुळे ती धरून ठेवण्याचा प्रश्न उरत नाही. एमईएम +१.७५ आणि नॉट ०.५० असे आले, तर चूक हाताची आहे हे स्पष्ट होते.

कधी कधी रिफ्लेक्स स्थिरच राहत नाही, उजळतो, मंदावतो, क्षणात विथ आणि क्षणात न्यूट्रल होतो. त्याची सरासरी काढून एक आकडा लिहू नये. हे हेलकावणे स्वतःच एक निरीक्षण आहे आणि ते शब्दांत लिहावे, कारण असे मूल फ्लिपरच्या (आलटून पालटून प्लस आणि मायनस लेन्समधून वाचण्याच्या) चाचणीत बहुतेक वेळा अडकते.

आकडा खरा निघाला तर

दोन्ही पद्धतींनी, पूर्ण नंबरासह आणि औषधांशिवाय लॅग +१.०० हून जास्त आला, तर तो मुलाचा आहे. मग अकोमोडेशनची कमाल शक्ती मोजावी. वयाच्या चतुर्थांशाने पंधरा उणे केले की किमान अपेक्षित आकडा मिळतो, म्हणजे आठ वर्षांच्या मुलाकडून निदान १३ डायॉप्टर अपेक्षित असतात. ±२.०० चे फ्लिपर लावावे आणि मायनस बाजूला मूल अडते का ते पाहावे. जवळची कव्हर टेस्ट (डोळा झाकून-उघडून त्याचा कल पाहणे) चुकवू नये. डोळे आत वळण्याकडे कल असेल, तर मूल मुद्दाम अकोमोडेशन आवरते, कारण जोर लावला की डोळे आणखी आत ओढले जातात. अशा मुलाचा मोठा लॅग ही त्याने शोधलेली तडजोड असते आणि त्याला प्लसचा आधार सहसा मानवतो. लपलेला प्लस नंबर शोधण्यासाठी थेंब टाकून रेटिनोस्कोपी करावी.

लीड आला तर वाट वेगळी असते. डोळे बाहेर सरकण्याकडे कल असलेले मूल त्यांना आत आणण्यासाठी अकोमोडेशनचा आधार घेते आणि लीड दिसतो. अकोमोडेशनचा पेटका असेल, तर दूरचा नंबरही खोटा मायनस येतो. अशा मुलाला थेंब न टाकता मायनस चष्मा देणे ही मी पाहिलेली सगळ्यात सामान्य आणि टाळता येण्यासारखी चूक आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांमध्ये मात्र एमईएमने नवे काही कळत नाही, त्यांचा लॅग वयामुळे वाढलेलाच असतो.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीत मी इंटर्नना वेगळी सूचना देते. त्यांच्यापैकी अनेकांचे अकोमोडेशन दूरचा नंबर अचूक दिल्यावरही जवळ कमी पडते, आणि तिथे +१.५० किंवा +२.०० चा आकडा दिसला तर तो चुकीचा समजून पुसून टाकू नये. नॉट पद्धत त्यांना विशेष सोयीची पडते, कारण डोळ्यासमोर लेन्स येत-जात नाही आणि मूल बिथरत नाही. अशा मुलांना बायफोकलचा चांगला उपयोग होतो. चष्मा तयार होऊन आला की मुलाला तो घालून कार्ड थोडे खाली धरावे, ते जवळच्या भागातून पाहत असताना पुन्हा नॉट करावे आणि मिळालेला लॅग केसपेपरवर पहिल्या आकड्याखाली लिहावा. तो कमी झालेला नसेल, तर आधी फ्रेम नाकावरून किती घसरली आहे ते पाहावे, कारण या मुलांचा नाकाचा कणा चपटा असल्यामुळे बायफोकलची रेघ बऱ्याचदा बाहुलीच्या खूप खाली गेलेली असते.